खुब्याचा सांधा आणि त्यावरची धातूची टोपी

‘खुबा दुखतो’ असे सांगणारा मनुष्य बहुधा हात ठेवतो तो कुल्ल्यावर किंवा कमरेच्या मागच्या बाजूला. वास्तविक खुब्याचा सांधा तेथे नाही. तो पुढच्या बाजूस, मांडी आणि पोट जेथे मिळतात त्या जांघेच्या घडीच्या आत खोलवर वसलेला आहे. कुल्ल्यात दुखत असेल तर दोष पुष्कळदा पाठीच्या कण्याचा निघतो. जांघेत दुखत असेल तर संशय प्रथम खुब्यावर घ्यावा. एवढी एक गोष्ट घराघरांत माहीत असती, तरी कितीतरी रुग्णांचे कमरेचे पट्टे, मालिश आणि शेक यांवरचे महिनोन्‌महिने वाचले असते.

दुसरी फसगत गुडघ्याची. मांडीच्या आतल्या बाजूने जाणारी एक नस खुब्याला आणि गुडघ्याला, दोहोंना संवेदना पुरवते. त्यामुळे बिघाड खुब्यात आणि वेदना गुडघ्यात असा प्रकार घडतो. गुडघ्याचा एक्स-रे स्वच्छ येतो, तेल बदलते, वैद्य बदलतो, दुखणे तसेच राहते. कामतघरच्या वऱ्हाळादेवी तलावाच्या काठाने सकाळी फेरी मारणाऱ्यांकडे जरा बारकाईने पाहिले, तर खुब्याने अधू झालेल्या माणसाची चाल वेगळी ओळखू येते. दुखऱ्या पायावर भार आला की तो सारे धड त्याच बाजूला झुकवतो आणि तो पाय शक्य तितक्या लवकर उचलून घेतो. घरातही खुणा दिसतात. पायाची नखे कापता येत नाहीत, मोजा चढवताना कष्ट पडतात, स्कूटरवर टांग टाकणे जड जाते, आणि पेढीवरच्या गादीवर घातलेली मांडी एका बाजूला उंचच राहते. पाय आतल्या बाजूस वळवण्याची क्षमता बहुधा सर्वांत आधी जाते, आणि ती गेल्याचे माणसाच्या लक्षातही येत नाही.

हा सांधा शाळेच्या पुस्तकात ‘उखळीचा सांधा’ म्हणून आपण शिकलो. उखळी कमरेच्या हाडात, आणि तिच्यात फिरणारा गोळा मांडीच्या हाडाच्या माथ्याचा. कमरेचे हे हाड जन्मतः एकसंध नसते. तीन हाडे उखळीच्या तळाशी कूर्चेच्या तिपेडी शिवणीने जोडलेली असतात आणि पौगंडावस्थेत ती शिवण भरून येऊन हाड एक होते. गोळा म्हणजे गोलाचा साधारण दोन-तृतीयांश भाग. प्रौढ पुरुषात त्याचा व्यास पन्नास मिलिमीटरच्या आसपास, स्त्रियांत काहीसा कमी. हा फरक ध्यानात ठेवावा, पुढे त्याला फार महत्त्व येणार आहे. उखळीच्या काठाला कूर्चेची एक लवचीक कड असते. ती गोळ्याला घट्ट धरून ठेवते. भोवती जाड पिशवी असते आणि पुढच्या बाजूस उलट्या ‘वाय’ अक्षरासारखा एक अस्थिबंध, जो मानवी शरीरातला सर्वांत बळकट अस्थिबंध मानला जातो. आपण सरळ उभे असताना स्नायूंना फारसे श्रम पडत नाहीत, ते याच बंधामुळे.

गोळा आणि उखळी यांवर काही मिलिमीटर जाडीची गुळगुळीत कूर्चा असते. तिच्यात रक्तवाहिनी नाही आणि नसही नाही. चालताना ती स्पंजासारखी दाबली जाते, सुटते आणि सांध्यातल्या द्रवातून आपले पोषण शोषून घेते. म्हणून सांध्याला हालचाल हवीच. नस नसल्यामुळे कूर्चा झिजते तेव्हा दुखत नाही. दुखू लागते ते खालचे हाड उघडे पडू लागल्यावर. पहिल्या कळेपर्यंत बरीच पुंजी खर्च झालेली असते, हे व्यापारी वाचकांना निराळे सांगायला नको.

या सांध्यावरील भाराचा हिशेब तराजूनेच समजतो. एका पायावर उभे राहिले की खुब्याचा गोळा म्हणजे तराजूचा टेकू. एका बाजूला शरीराचे वजन, त्याची दांडी लांब. दुसऱ्या बाजूला कुल्ल्याचे स्नायू, त्यांची दांडी आखूड. आखूड दांडीने लांब दांडीला तोलायचे तर जोर कितीतरी पट लावावा लागतो, आणि टेकूवर दोन्हींची बेरीज पडते. ती शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीनपट भरते. चालताना प्रत्येक पावलाला हे घडते. ठेच लागून तोल सावरताना भार आठपटीपर्यंत गेल्याचे मोजले गेले आहे. म्हणून पाच किलो वजन उतरले तर सांध्याला पंधरा किलोंचा दिलासा मिळतो. आणि म्हणूनच काठी दुखऱ्या बाजूच्या नव्हे, विरुद्ध बाजूच्या हातात धरायची. आपल्याकडे बहुतेक ज्येष्ठ ती नेमकी उलट धरतात, आणि त्यांना कोणी सांगतही नाही.

वार्धक्यातील झिजेखेरीज खुबा बिघडण्याचे दुसरे मोठे कारण आपल्या देशात तरुण आणि मध्यमवयीनांत दिसते. गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य वाहिन्या हाडाच्या मानेला बिलगून वर चढतात. पुरवठ्याची वाट अशी चिंचोळी. ती बंद झाली तर पर्यायी मार्ग जवळजवळ नाहीच. मग गोळ्यातला हाडाचा भाग मृत होतो आणि कालांतराने वरचा घुमट खचतो. डॉक्टर याला ‘एव्हीएन’ म्हणतात. मद्य, स्टेरॉइडची औषधे आणि अपघात ही त्याची ठळक कारणे. मुंबईत माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अगरवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या नियतकालिकात करोनानंतर एव्हीएन झालेल्या तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तिघेही चाळिशीच्या आतले. करोनाचे निदान झाल्यापासून सरासरी ५८ दिवसांत त्यांना खुब्याचा त्रास सुरू झाला, आणि दिलेल्या स्टेरॉइडची मात्रा पूर्वी घातक समजली जाई त्याहून कमी होती. त्यांचा रोग वेळीच ओळखला गेला, म्हणून औषधांचा मार्ग खुला राहिला. आरंभी साध्या एक्स-रेमध्ये हा विकार दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. ज्यांनी दमा, त्वचाविकार, संधिवात किंवा करोनासाठी स्टेरॉइड घेतले आहेत, त्यांनी जांघेतले दुखणे अंगावर काढू नये. गोळा खचण्यापूर्वी उपाय पुष्कळ आहेत, खचल्यावर मात्र शस्त्रक्रियेची भाषा सुरू होते.

आता ज्या शस्त्रक्रियेविषयी अलीकडे कुटुंबांतून विचारणा होते, त्या हिप रिसर्फेसिंगकडे वळू. नेहमीच्या संपूर्ण सांधेबदलात मांडीच्या हाडाचा गोळा आणि मानेचा भाग कापून काढतात, हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा बसवतात आणि त्यावर नवा गोळा लावतात. रिसर्फेसिंगमध्ये गोळा कापून टाकीत नाहीत. त्याची झिजलेली साल तासून त्यावर धातूची पोकळ टोपी सिमेंटने बसवतात. उखळीत धातूची वाटी ठोकून घट्ट करतात. मान शाबूत राहते, हाडाच्या पोकळीला हात लागत नाही. भिवंडीच्या वाचकांना असे सांगता येईल की मागाचा शाफ्ट झिजला म्हणून जॉबर प्रत्येक वेळी आख्खा शाफ्ट बदलत नाही, बुश बदलून काम भागते का ते आधी पाहतो. उपमा येथेच संपते, कारण शाफ्टला रक्तपुरवठा लागत नाही. टोपीखालचे हाड मात्र जिवंत असावे लागते. एव्हीएनने गोळ्याचा मोठा भाग मेलेला असेल, तर टोपी बसवायला भक्कम पायाच उरत नाही.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी १९२३ साली गोळ्यावर काचेची वाटी बसवून पाहिली. काच फुटे. पुढे १९३८ मध्ये त्यांनी कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची वाटी वापरली. इंग्लंडचे जॉन चार्नली यांनी १९५० च्या दशकात टेफ्लॉनचे कवच वापरले, तेही झिजून गेले. मग त्यांनी हा मार्ग सोडून १९६२ साली रायटिंग्टन येथे धातूचा लहान गोळा आणि प्लॅस्टिकची वाटी असा संपूर्ण सांधेबदल सिद्ध केला. आज जगभर केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेचा तो पाया होय. भारतात ती रुजवणाऱ्यांत मुंबईचे डॉ. के. टी. ढोलकिया यांचे नाव अग्रभागी आहे. पुण्याचे डॉ. कांतिलाल हस्तीमल संचेती यांचा परिचय आपल्या वाचकांना करून द्यावा लागत नाही. त्यांनी भारतीय माणसाची बैठक विचारात घेऊन ‘इंडस’ हा गुडघ्याचा कृत्रिम सांधा घडवला. परदेशी सांधे खुर्चीवर बसणाऱ्या समाजासाठी आखलेले असतात, आणि आपल्याकडे जेवण, पूजा आणि हिशेब हे सारे पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवर बसून चालत आले, ही तक्रार खुब्यालाही तितकीच लागू आहे.

रिसर्फेसिंगचे पुनरुज्जीवन केले ते इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचे शल्यविशारद डेरेक मॅकमिन यांनी. १९९१ पासून त्यांनी धातूवर धातू फिरेल अशी जोडी वापरण्यास प्रारंभ केला. १९९७ मध्ये ‘बर्मिंगहॅम हिप’ आले आणि २००६ मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली. भारतातही मोजक्या शल्यविशारदांनी ही विद्या आत्मसात केली. टेनिसपटू अँडी मरे यांनी जानेवारी २०१९ मध्ये लंडनला ही शस्त्रक्रिया करून घेतली, जूनमध्ये क्वीन्स क्लबवर दुहेरीचे आणि ऑक्टोबरमध्ये अँटवर्पला एकेरीचे विजेतेपद मिळवले आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत ते खेळले. हे उदाहरण वाचून अनेकांना वाटते की आपल्यालाही हीच शस्त्रक्रिया हवी. तेथेच सावध व्हायला हवे.

मरे तेव्हा एकतिशीचे, उंचेपुरे, बळकट हाडांचे पुरुष होते. रिसर्फेसिंगचा उत्तम निकाल मिळतो तो नेमका अशांनाच: साठीच्या आतले, झिजेने सांधा गेलेला आणि गोळ्याचा व्यास मोठा असलेले पुरुष. स्त्रियांत आणि लहान गोळ्यांत ही शस्त्रक्रिया निकामी ठरण्याचे प्रमाण इतके अधिक आढळले की बर्मिंगहॅम हिपच्या उत्पादकाने २०१५ मध्ये स्त्रियांसाठी आणि लहान मापांसाठी त्याचा पुरवठाच थांबवला. आपल्या घरांतून खुब्याची दुखणी काढणाऱ्यांत माता-भगिनी कमी नाहीत. त्यांच्यासाठी धातूच्या टोपीचा विचार सोडून द्यावा हे बरे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीही तो करू नये, कारण धातूवर धातू घासून निघणारे कोबाल्ट आणि क्रोमियमचे अंश रक्तात उतरतात आणि मूत्रावाटे बाहेर टाकले जातात. ठिसूळ हाडांच्या माणसात टोपीखालची मान मोडण्याचा धोका असतो. सिरॅमिकच्या टोप्यांवर काम सुरू आहे आणि तीतून पुढे स्त्रियांनाही मार्ग मिळू शकेल, पण तिला अद्याप दीर्घ अनुभवाचे पाठबळ नाही. माझे मत विचाराल तर आपल्या बहुसंख्य वाचकांना आजचा सिरॅमिक गोळ्याचा आणि सुधारित प्लॅस्टिकच्या वाटीचा संपूर्ण सांधेबदलच उचित ठरेल. हाड वाचते ही गोष्ट मोलाची खरी, परंतु ती पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला जितकी मोलाची तितकी सत्तरीच्या माणसाला नाही. त्याच्या आयुष्यात दुसऱ्या शस्त्रक्रियेची वेळ बहुधा येतच नाही.

या विषयातला जो धडा व्यापारी समाजाने विशेष लक्षपूर्वक वाचावा, तो २०१० सालचा आहे. जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील डीप्यू या कंपनीचा ‘एएसआर’ नावाचा खुबा रिसर्फेसिंग आणि संपूर्ण सांधेबदल अशा दोन्ही रूपांत विकला जात होता. त्याची वाटी उथळ होती. त्यामुळे गोळा कडेवर घासू लागे, धातूचा बारीक चुरा आजूबाजूच्या मांसात साचे, गाठी येत आणि सांधा सैल होई. ब्रिटनच्या नोंदवहीतून दिसले की पाच वर्षांच्या आत आठ रुग्णांमागे साधारण एकाला पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. ऑस्ट्रेलियात १९९९ पासून प्रत्येक कृत्रिम सांध्याची राष्ट्रीय नोंद ठेवली जाते. तेथील आकड्यांनी धोक्याची घंटा आधीच वाजवली होती आणि २००९ च्या डिसेंबरमध्ये तेथून हा सांधा मागे घेतला गेला. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत मागवला. तोवर सुमारे ९३ हजार रुग्णांच्या शरीरात तो बसलेला होता.

भारतात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. प्रकरणाचा पाठपुरावा करण्यात महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने पुढाकार घेतला. पुढे २०१७ मध्ये केंद्र सरकारने डॉ. अरुण अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने २०१८ मध्ये बाधितांना किमान वीस लाख रुपये भरपाई द्यावी अशी शिफारस केली. पण भरपाई द्यायची कोणाला? ४,७०० पैकी जेमतेम हजारभर रुग्णांचाच माग लागला. उरलेल्यांपैकी कित्येकांना आपल्या मांडीत कोणत्या कंपनीचा कोणता सांधा आहे, हे ठाऊकच नसावे. कोणी म्हणे ‘इम्पोर्टेड’, कोणी म्हणे ‘अमेरिकन’, कोणी म्हणे ‘मोठ्या डॉक्टरांनी बसवलेला’. ज्या समाजात सुताच्या गाठीचा लॉट क्रमांक आणि ग्रे कापडाच्या ताक्याचे चलन वर्षानुवर्षे जपून ठेवतात, त्या समाजातल्या माणसालाही स्वतःच्या हाडात रोवलेल्या वस्तूचा क्रमांक माहीत नसावा, ही गोष्ट मला फार खटकते.

आणि तो क्रमांक मिळवणे मुळीच अवघड नाही. प्रत्येक इम्प्लांटच्या वेष्टनात कंपनीचे नाव, प्रकार, माप आणि लॉट क्रमांक छापलेले चिकटपट्टीचे स्टिकर असतात. शस्त्रक्रियागृहात ते रुग्णाच्या कागदपत्रांवर चिकटवले जातात. घरी सोडण्यापूर्वी त्यांची प्रत मागून घ्यावी, डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्यावी आणि घरच्या दस्तऐवजांत ठेवावी. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना सांध्याचे नेमके नाव, तो किती वर्षे वापरात आहे आणि परदेशांतील नोंदवह्यांत त्याचा दहा वर्षांचा निकाल काय, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. चांगला शल्यविशारद अशा प्रश्नाने रागावत नाही. ज्यांच्या शरीरात २०१० पूर्वीचा धातूवर धातूचा खुबा आहे, त्यांनी दुखत नसले तरी अस्थिरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे. ब्रिटनच्या नियामक संस्थेने २०१० मध्येच रक्तातील कोबाल्ट-क्रोमियमसाठी एका लिटरमागे सात मायक्रोग्रॅम ही सावधगिरीची पातळी ठरवून दिली आहे. त्यापुढे आकडा गेला तर एमआरआयने भोवतालचे मांस पाहावे लागते.

जैन कुटुंबांतून येणारे दोन प्रश्न सर्वसाधारण माहितीपत्रकांत सापडत नाहीत. पहिला सामायिकाचा. अठ्ठेचाळीस मिनिटे कटासणावर मांडी घालून बसता येईल का? रिसर्फेसिंगमध्ये गोळा नैसर्गिक आकाराइतकाच मोठा राहतो, म्हणून सांधा निसटण्याची भीती कमी असते, आणि पुष्कळांना काही महिन्यांनंतर मांडी घालता येते. संपूर्ण सांधेबदलात ते सांध्याचे माप, शस्त्रक्रियेचा मार्ग आणि स्नायूंची अवस्था यांवर अवलंबून असते. पहिले काही आठवडे मात्र दोन्ही प्रकारांत डॉक्टरांनी घातलेली बंधने कसोशीने पाळावी लागतात: सखल आसनावर बसायचे नाही, पायावर पाय टाकायचा नाही, कमरेतून फार वाकायचे नाही. त्या काळात पंचांग प्रणिपात करण्याचा आग्रह कोणी ज्येष्ठांना करू नये. उपाश्रयातली खुर्ची त्यासाठीच आहे.

दुसरा प्रश्न औषधांचा. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून अनेक ठिकाणी एनॉक्सापॅरिनचे इंजेक्शन देतात. ते डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून तयार होते, हे बहुतेक रुग्णांना कधी कळतच नाही. गुठळीवरचा उपचार टाळणे जिवावर बेतू शकते, म्हणून तो नाकारू नये. पण पर्याय आहेत. फॉन्डापॅरिनक्स हे इंजेक्शन पूर्णतः कृत्रिम आहे, रिव्हारॉक्साबॅन आणि अपिक्साबॅन या गोळ्याही याच कामी येतात, काही रुग्णांत ॲस्पिरिन पुरते. कोणते औषध कोणाला चालेल हे डॉक्टरच ठरवतील, परंतु ही विचारणा भरती होण्यापूर्वी करावी, शस्त्रक्रियेच्या रात्री परिचारिका सुई घेऊन उभी असताना नव्हे.

घरी परतल्यावरचा पहिला अडथळा म्हणजे जिना. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबांनी फिजिओथेरपिस्टकडून रुग्णालयातच जिना चढण्याचा सराव करून घ्यावा. चढताना आधी चांगला पाय वरच्या पायरीवर ठेवायचा, उतरताना आधी शस्त्रक्रियेचा पाय खाली टाकायचा, आणि काठी विरुद्ध हातात. रिसर्फेसिंग झालेल्यांनी टोपीखालचे हाड बळकट होईपर्यंत, म्हणजे साधारण पहिले वर्षभर, उड्या आणि धावणे टाळायचे असते. सपाट वाटेवर चालण्याला मात्र मनाई नसते. उलट जितके नेमाने चालावे तितके कुल्ल्याचे स्नायू लवकर भरून येतात.